रिकामं जातं

मारेगाव,
ता. ११ फेब्रुवारी १९६३

चि. सत्यभामा हिस,
देवरावदादाचा सप्रेम जय भीम.

पत्र पाहून घाबरू नको, कोणी मेलं नाही. तुझी वयनी म्हणते, दवाखान्यात नोकरी करणाऱ्या बहिणीले पत्रात पुन्हा दवाखानाच लिहू नये. पण मी दुसरं काय लिहू? आपली सूनबाई पुन्हा पडली.

परवा सकाळी मी दुकानात सायकलच्या एका वाकड्या चाकाचा आउट काढून राह्यलो होतो. जया मागच्या दारातून घागर घेऊन येत होती, ती तशीच खाली बसली अन् गुडघे पोटाशी ओढले. घागर गडगडत नालीत गेली. मी म्हटलं, "काय झालं वो सूनबाई?" तर म्हणते, "काही नाही मामाजी, पाय सरकला." पाय सरकलेल्या माणसाचे ओठ निळे पडत नाहीत.

तुले माहीत आहे, दिवाळीत यवतमाळले नेऊन तिचं अपेंडिक्स काढलं. मीच नेलं होतं. बळीराम रस्त्याच्या कामावर होता, अन् नसता तरी आपल्या बायकोले दवाखान्यात न्यायची त्याले लाजच वाटते. डॉक्टरांनी तिले टेबलावर झोपवलं, मी पायथ्याशी उभा राह्यलो. ते विचारत, मी सांगत. दुखते कधी? म्हटलं, केव्हाही दुखते. महिन्याचं व्यवस्थित आहे का? म्हटलं, साहेब, आमच्या घरी तो भेदच ठेवला नाही. छप्पन साली नागपूरले दीक्षा घेऊन आलो, देव नाल्यात सोडले, अन् त्याच दिवशी सांगून टाकलं, या घरात कोणी बाई बाहेर बसणार नाही. सूनबाई तीसही दिवस सारखी कामात असते. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, सासरा असावा तर असा. अन् अपेंडिक्स काढलं.

आता ते गेलं, दुखणं आहे तिथंच. काल शेजारची कांताबाई दुकानासमोर उभी राहून चार लोकांत म्हणते, "मरीमायले नाल्यात सोडलं ना देवराव, आता ती सुनेच्या पोटात येऊन बसली." मी म्हटलं, "कांताबाई, मरीमाय पोटात बसत असती तर तुझ्या पोटात एवढ्या भाकरीले जागा कुठून राह्यली असती?" लोक हसले. मी बी हसलो. पण असं हसून किती दिवस निभवू?

खरी भीती दुसरी आहे. लग्नाले सहा वर्षं झाली, घरात मूल नाही. तुझ्या वयनीचा, पंचफुलाचा, भाऊ उकंडा पांढरकवड्याहून येते अन् चुलीपाशी बसून बहिणीशी हळू आवाजात बोलते. चाक फिरवून कान लावला की बेअरिंगमधला कोणता छर्रा गेला ते मले समजते, उकंडाचं बोलणं तर काय भिंतीपलीकडचं. त्याच्या नात्यातली पोरगी आहे, बळीरामसाठी. वैशाखात उरकून टाकू म्हणते. बळीराम हो म्हणत नाही अन् नाही बी म्हणत नाही.

जया चांगली पोरगी आहे. तिले कोणतं दुखणं आहे, एवढं एक कोणी सांगून नाही राह्यलं. तू मोठ्या डॉक्टरीणबाईच्या हाताखाली आहेस. त्यांले विचार.

तुझा दादा,
देवराव


नागपूर,
ता. १८ फेब्रुवारी १९६३

ती. दादास,
सत्यभामाचा जय भीम.

रागावू नकोस. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुझ्या त्या पायथ्याशी उभं राहण्यापाशी अडले. टेबलावर कोण झोपलं होतं, जया का तू? दुखतं केव्हा हे तुला कसं ठाऊक?

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पेशंट पाहिल्याशिवाय मी नाव घेत नाही, पण आधी एक गोष्ट कळवायला सांगा. हे दुखणं पाळीच्या दिवसांत येतं का? त्याआधी सुरू होतं का? बाकी सगळं नंतर.

तू तिला विचारू शकत नाहीस हे मला समजतं. सासऱ्यानं सुनेला असलं विचारल्याचं आपल्यात कोणी ऐकलं नाही. वहिनीला विचारायला सांग, आणि ती जे सांगेल ते तसंच्या तसं लिही. तुझं मत त्यात घालू नकोस.

सत्यभामा


मारेगाव,
ता. २ मार्च १९६३

चि. सत्यभामा हिस जय भीम.

तुझ्या वयनीले विचारलं. ती म्हणते, त्याचा ह्याचा काही संबंध नाही. असं म्हणून लगेच उठून चुलीपाशी गेली. मी तसंच्या तसं लिहिलं आहे, माझं मत घातलं नाही.

इकडे गोष्टी पुढे गेल्या. बळीराम यवतमाळले गेलता, त्याच डॉक्टरांले भेटला. ते म्हणाले, अपेंडिक्स काढूनही थांबत नाही म्हणजे पिशवीतच खराबी आहे, ती काढून टाका, होळी झाली की घेऊन या. बळीराम घरी येऊन जेवता जेवता म्हणते, "मूल तर तसंही होऊन नाही राह्यलं. पिशवी गेली तर दुखणं तरी जाईन." उकंडा होताच. त्यानं भाकरी मोडता मोडता मान डोलावली. जया वाढत होती. तिनं वाढणं थांबवलं नाही.

मले वाटते, डॉक्टर म्हणतात तर करून टाकावं. पोरीचे हाल पाहवत नाहीत.

एक मात्र लिहितो, जयाचंही थोडं चुकते. मधूनच दोन-तीन दिवस असे येतात की ती जात्यावरून उठतच नाही. तूर भरडायची नसली तरी. दाणा असला की जात्याचा आवाज भरलेला येते, दगडावर दगड असला की कोरडा. मले दुकानातून समजते. मी ओरडलो, "सूनबाई, जातं रिकामं फिरून राह्यलं, तळी झिजन!" तर थांबली. घटकाभरानं पुन्हा सुरू. गेल्या महिन्यात बी असंच केलं, त्याच्या आधी बी. माणसाचं दुखणं लांबलं की डोक्यावर बी परिणाम होतो का, ते डॉक्टरीणबाईले विचार.

देवराव


नागपूर,
ता. ६ मार्च १९६३

दादा,

जातं थांबवू नकोस. फिरवू दे तिला.

भरल्या घरात बाई रिकामं जातं कशासाठी फिरवेल? मी वॉर्डात बायांना पदराचा बोळा तोंडात कोंबताना पाहते. जयाजवळ जातं आहे. तुझ्या कानावर कण्हणं जाऊ नये म्हणून ती दगड फिरवते, आणि तू तिला तळी झिजेल म्हणून रागावलास. तिच्या डोक्यावर परिणाम झालेला नाही.

आणि ते दोन-तीन दिवस दर महिन्याला येतात, हे तू स्वतःच्या हातानं लिहिलं आहेस. मी विचारलं होतं त्याचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे.

बाहेर बसणं बंद केलंस ते चांगलंच केलंस, याबद्दल मी तुझ्याशी कधी भांडणार नाही. पण आधी कळायचं तरी, की आज हिची वेळ आहे. तुझ्या घरात आता ते कोणालाच कळत नाही, आणि विचारायची सवय मात्र आपण कोणी लावून घेतली नाही.

आत एक चिकटवलेला कागद आहे. तो जयाला दे. वाचू नकोस. ती काय लिहील ते बंद करून तूच पोस्टात टाक, तेही न वाचता. आणि यवतमाळची तारीख पुढे ढकल. काय कारण सांगायचं ते सांग, तुला कारणं सुचतात.

सत्यभामा


मारेगाव,
ता. १२ मार्च १९६३

ती. आत्याबाईंना जयाचा जय भीम.

मामाजींनी कागद दिला आणि पाठ फिरवून उभे राहिले. मी मुकुटबनच्या शाळेत चौथीपर्यंत होते, अक्षर सांभाळून घ्या.

तुम्ही विचारलं ते खरं आहे. पाळी यायच्या दोन दिवस आधीच कंबरेतून सुरू होते. मग पोटात कोणी पिळा घालून ओढावं तसं. त्या दिवसांत परसाकडे बसलं की सुरी फिरते. नवऱ्याजवळही दुखते. हे लिहिताना हात थांबला होता, पण तुम्ही विचारलं म्हणून लिहिलं. त्यांना वाटते मला ते आवडत नाहीत.

सासूबाईंना सगळं माहीत आहे. त्या वाईट नाहीत. दर खेपेला मला मागच्या वाटेनं मरीमायच्या ओट्यावर नेतात, लिंबू उतरवतात आणि मामाजींना सांगू नको म्हणतात. मामाजींच्या सांगण्यावरून देव त्यांनीच हातानं नाल्यात सोडले होते. त्यांना वाटते, त्यांच्या हातचं माझ्यावर आलं.

डॉक्टरांसमोर मी का बोलले नाही, ते विचारलं. मामाजी तिथं उभे होते, हे एक. दुसरं असं की ते भर रस्त्यात अभिमानानं सांगतात, आमच्या घरी विटाळ पाळत नाहीत. मी जर म्हटलं की मला त्याच दिवसांत मरणाचं दुखते, तर कांताबाईसारख्या म्हणतील, पाहा, पाळलं नाही त्याचं फळ. मामाजींची मान खाली जाईल. ते मला कधी एक वाकडा शब्द बोलले नाहीत.

माहेरी बाहेर बसत होते तेव्हा गोठ्याजवळ पोत्यावर निदान पडून राहता येत होतं. ते परत यावं असं मी म्हणत नाही. वरून भाकरी टाकायचे, कुत्र्यासारखं वाटायचं. पण पडून राहायला मिळायला पाहिजे होतं.

आत्याबाई, पिशवी काढली की हे जाईल का? खरं सांगा. काढली तर वैशाखात दुसरी येईल आणि तिचं बाळंतपण मी करीन, हे मला दिसते आहे. तेही करीन, दुखणं जात असेल तर. पण पिशवीही गेली आणि दुखणंही राहिलं, असं व्हायला नको.

तुमची,
जया


नागपूर,
ता. १६ मार्च १९६३

दादा,

जयानं काय लिहिलं ते मी तुला सांगणार नाही. सांगायचं झालं तर ती सांगेल.

डॉक्टरीणबाईंनी पत्र ऐकलं. मग म्हणाल्या, पिशवीला हात लावू देऊ नका. त्यांना ज्याचा संशय आहे तो खरा असेल, तर नुसती पिशवी काढून रोग आतच राहील आणि मूल होण्याची आशा मात्र कायमची जाईल. पण संशयावर त्या काही करत नाहीत. दुखणं सुरू असताना तपासायचं आहे, तेव्हाच आतल्या गाठी हाताला नीट लागतात.

म्हणजे ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवशी निघायचं. तो दिवस तुला जया सांगेल. तिनं तोंडानं सांगायचं आणि तू कानानं ऐकायचं, दुसरी वाट नाही. बळीरामला समजाव. तो ऐकत नसेल तर तू आण.

सत्यभामा


नागपूर,
ता. २९ मार्च १९६३

चि. बळीराम यास,
बाबांचा जय भीम.

तू दारात आडवा उभा राह्यला होतास तेव्हा मी जे बोललो ते पुन्हा लिहीत नाही. तू म्हणालास, यवतमाळची तारीख मोडली, आता सासरा सुनेले घेऊन नागपूरले चालला, लोक काय म्हणतील. लोकांचं मले तुझ्यापेक्षा जास्त ऐकू येते. पण त्या सकाळी तिनं जे केलं ते तू पाह्यलं नाहीस. दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती. सूनबाई पुढच्या दारानं आली, पदर धरून उभी राह्यली अन् म्हणाली, "मामाजी, आज सुरू झालं. निघायचं." मी चाक तसंच टांगलेलं ठेवलं अन् कोट घातला.

वणीपर्यंत ती बसली. वरोऱ्याच्या पुढे सीटवर वाकली. कंडक्टर म्हणाला, उतरवून देऊ का? मी म्हटलं, तू घंटी मार.

इथं मी सवयीनं तिच्यामागून आत चाललो होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आपण बाहेर बसा." म्हटलं, मी सासरा आहे. म्हणाल्या, "म्हणूनच." बाकावर बसलो. कान असून एक शब्द ऐकू आला नाही. आतून एकदा ती ओरडली, ते मात्र ऐकलं. सहा वर्षांत तिचा तसा आवाज मी ऐकला नव्हता.

मग मले बोलावलं. बाईंनी आधी तिले विचारलं, "यांना सांगू का?" ती हो म्हणाली, तेव्हा सांगितलं. तुले समजन असं लिहितो. पिशवीच्या आत जसं अस्तर असते, तसंच अस्तर हिच्या पोटात पिशवीच्या बाहेर उगवलं आहे. दर महिन्याले पिशवीतलं रक्त बाहेर जाते, पण ह्या बाहेरच्याले जायले वाट नाही. ते तिथंच साचते, चिकटते, गाठ धरते. डावीकडे मोठी गाठ हाताले लागते. इंग्रजीत त्याले एन्डोमेट्रिओसिस म्हणतात. तुझ्या आत्यानं तीन वेळा म्हणून दाखवलं तेव्हा मले लिहिता आलं. अपेंडिक्सचा काही दोष नव्हता.

मी विचारलं, "बाई, हे देव सोडल्यानं, विटाळ न पाळल्यानं होते का?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्याकडे सोवळं पाळणाऱ्या घरच्या बाया याच दुखण्यानं येतात, बुरख्यातल्या येतात, ख्रिस्ती येतात. सगळ्या उशिरा येतात. एवढं एक सगळ्यांचं सारखं आहे."

पोट उघडून गाठ काढायची आहे. पिशवी ठेवायची आहे. नंतर काही महिने नव्या गोळ्या द्यायच्या आहेत, त्यानं पाळी थांबून राहते अन् आतलं सुकते. मूल होईनच असं त्या म्हणत नाहीत. होणार नाही असंही म्हणत नाहीत.

दवाखान्याले नवऱ्याची सही पाहिजे. सोमवारी सकाळपर्यंत ये. मी सांगतो म्हणून येऊ नको. ती तुझी बायको आहे म्हणून ये.

बाबा


नागपूर,
ता. १३ एप्रिल १९६३

श्री. बळीराम यांस,
जयाचा जय भीम.

तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. एका घरात राहून लिहायचं काम पडलं नाही.

सोमवारी तुमची वाट पाहिली. मामाजी फाटकापाशी उभे होते. मंगळवारीही पाहिली. मग डॉक्टरीणबाई माझ्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "तू सज्ञान आहेस. पोट तुझं आहे. सही तू करतेस का? बाकीच्यांशी मी बोलते." मी केली. नाव पूर्ण लिहिलं.

शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी सांगितलं तेच तुम्हाला सांगते. डावीकडची गाठ काढली. पेरूएवढी होती, आत जुनं रक्त, चॉकलेटच्या रंगाचं. डावं अंडाशय वाचलं नाही. उजवं आहे. पिशवी आहे. आतड्याला चिकटलेलं जेवढं सुटलं तेवढं सोडवलं, थोडं राहिलं, ते गोळ्यांवर सोपवलं. दुखणं पुन्हा येऊ शकते, असंही त्यांनी तोंडावर सांगितलं. मला बरं वाटलं. आजवर जो तो म्हणत होता, हे केलं की जाईल.

तुमच्याजवळ आलं की मी आखडत होते, ते या दुखण्यानं. तुम्ही नावडते म्हणून नाही. हे तुम्हाला तोंडानं सांगता आलं नसतं.

मामाजी बरे आहेत. दवाखान्यातल्या सगळ्यांच्या सायकली त्यांनी सरळ केल्या. काल मेट्रनबाईंना म्हणत होते, तुमच्या चाकाची तब्येत नाजूक आहे. मेट्रनबाई कोणाशी हसत नाहीत, पण हसल्या.

उकंडामामांच्या नात्यातल्या त्या मुलीचं काय ठरलं, ते मला कळवा. वैशाख लागायला आला.

जया


मारेगाव,
ता. २० एप्रिल १९६३

जया हिस,
बळीरामचा जय भीम.

मले बाबांसारखं लिहिता येत नाही. कागद दुकानातला आहे, तेल लागलं आहे.

मी आलो नाही. दोनदा वणीपर्यंत आलतो. एकदा तर तिकीट काढून गाडीत बसलो अन् उतरलो. मले भीती वाटली. तू टेबलावरच राह्यली असती तर सही माझी असती. बाबांले हे सांगू नको. नाहीतर सांग, ते कशावरून तरी ओळखतीलच.

तुझं पत्र आईले वाचून दाखवलं. नवरा-बायकोतलं सोडून. ती रडली, मग उठून लिंबू आणलं अन् तुझ्या नावानं दारातच उतरवलं. मी म्हटलं, आता हे कायले? तर म्हणते, डॉक्टरीणबाईले यश येवो म्हणून.

तू नावडते लिहिलं, मी तेच समजत होतो. सहा वर्षं तेच समजलो.

उकंडामामाले अजून नाही म्हटलं नाही. तुले खोटं लिहीत नाही. ते काल येऊन गेले, मी शेतात चाललो म्हणून निघून गेलो. आपल्याले शेत कुठं आहे? तू घरी ये, मग बसून काय ते पाहू. वणीच्या स्टँडवर मी बैलगाडी घेऊन येतो, खाली गवत टाकतो. कोणत्या दिवशी ते कळव.

बळीराम


नागपूर,
ता. २४ एप्रिल १९६३

श्री. बळीराम यांस जय भीम.

मुद्दाम कार्डावर लिहिते आहे. पोस्टातल्यांनी वाचलं तरी चालेल, सासूबाईंना वाचून दाखवलं तरी चालेल.

टाके निघाले. डॉक्टरीणबाईंनी शुक्रवारी जायची परवानगी दिली आहे. पण तुम्ही लिहिलं, तू ये, मग पाहू. मी आल्यावर पाहायचं असं त्यात काही नाही. आधी पांढरकवड्याला जा. उकंडामामांना चार माणसांत नाही म्हणा आणि तसं मला कळवा. मग दिवस ठरवू, मग गाडी आणा. गवत जास्त टाका, अजून धक्का सोसत नाही.

मामाजींना शुक्रवारच्या गाडीनं एकटं पाठवते. दुकान बंद पडलं आहे. मी आत्याबाईंच्या खोलीवर राहते. पत्ता वरच्या कोपऱ्यात लिहिला आहे.

जया